बेघर कोण होतो आणि किती जण होतात

अमेरिकेत मुलाकडे राहून आलेले आईवडील परतल्यावर जे सांगतात, त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवरचे तंबू आता हमखास असतात. "एवढा श्रीमंत देश, पण रस्त्यावर पडलेली माणसं बघवत नाहीत. नशापाणी करतात हो सगळे. सरकार मदत देतं, तरी सुधारत नाहीत." भायखळ्याच्या फुटपाथवरच्या संसारांबद्दल इथे ऐकू येते तेही फारसे वेगळे नसते: "गावाकडून येतात, कामधंदा नको, फुकटची जागा हवी." देश बदलतो, शहर बदलते, निदान बदलत नाही. माणूस बेघर होतो तो स्वतःतल्या कशामुळे तरी. कुणी त्याला व्यसन म्हणतो, कुणी आळस, आणि जो जरा सहृदय असतो तो मनाचा आजार म्हणतो.

हे निदान चुकीचे आहे. इतकेच नव्हे, त्याच्या आधारे जगभर जे उपाय चालले आहेत, त्यांनी माणसांचे हाल वाढवले आहेत. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे. तो लेचापेचा करून पाडण्यात काही अर्थ नाही.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे. एक, रस्त्यावर राहणाऱ्यांत व्यसनाधीनता आणि गंभीर मानसिक आजार यांचे प्रमाण इतर लोकांपेक्षा कितीतरी जास्त असते. दोन, त्याच शहरात, तेवढ्याच कमाईवर, तेच महागडे भाडे भरणारे लाखो लोक बेघर होत नाहीत. मग जे होतात त्यांच्यात काहीतरी वेगळे असलेच पाहिजे. तीन, अमेरिकेने सरकारी मनोरुग्णालये रिकामी केली आणि त्यानंतर रस्ते भरले. चार, घरे देऊन प्रश्न सुटत असता तर कॅलिफोर्नियात तो केव्हाच सुटला असता.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. त्या नाकारण्याचे कारण नाही. चूक आहे ती त्यांवरून काढलेल्या अनुमानात.

आपल्या न्यायशास्त्राने कारण ओळखण्याची कसोटी फार पूर्वी घालून दिली: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य असले पाहिजे, कारण नसेल तिथे कार्य नसले पाहिजे. व्यसन हे बेघरपणाचे कारण असेल, तर जिथे व्यसन जास्त तिथे बेघर जास्त दिसले पाहिजेत. अमेरिकेची पन्नास राज्ये म्हणजे ही कसोटी लावायला तयार मांडून ठेवलेला पट आहे.

वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचे, आता ओहोटी लागलेले राज्य. अफूजन्य गोळ्या, हेरॉइन आणि फेंटानिल यांनी अमेरिकेतले दुसरे कोणतेही राज्य इतके पोखरलेले नाही. 2021 मध्ये तिथे अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दर लाख लोकसंख्येमागे नव्वदच्या आसपास माणसे मेली. कॅलिफोर्नियात हा आकडा त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. आता बेघरांची संख्या पाहा. जानेवारी 2023 च्या सरकारी मोजणीत वेस्ट व्हर्जिनियात दर दहा हजारांमागे आठ-नऊ माणसे बेघर होती, कॅलिफोर्नियात 46 च्या पुढे. जिथे व्यसन तिपटीने जास्त, तिथे बेघरपणा पाचपटीने कमी.

मग गरिबी हे कारण असेल? मिसिसिपी हे अमेरिकेतल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. 2023 च्या त्याच मोजणीत दर दहा हजारांमागे बेघरांचे प्रमाण देशात सर्वांत कमी मिसिसिपीतच निघाले, साडेतीनच्याही आत. मग उबदार हवा? मिसिसिपीची हवा उबदारच आहे, आणि न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात हाडे गोठतात. तरी बेघरांचे प्रमाण न्यूयॉर्कमध्ये कॅलिफोर्नियाच्याही वर. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, हवाई, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत समान काय आहे ते शोधू लागले की एकच गोष्ट हाती लागते: घरभाडे आकाशाला भिडलेले आणि रिकामी भाड्याची खोली मिळण्याची मारामार. ग्रेग कोलबर्न आणि क्लेटन पेज ऑल्डर्न यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अमेरिकी शहरांची अशीच तुलना केली. व्यसन, मानसिक आजार, गरिबी, हवामान, सरकारी मदतीचे आकर्षण असे एकेक कारण तपासत ते शेवटी भाडे आणि घरांची टंचाई यांवर येऊन थांबले.

मग रस्त्यावरच्या माणसांत व्यसनी आणि आजारी जास्त का दिसतात? गणपतीच्या आदल्या रात्री कोकणात निघालेल्या एसटीचा विचार करा. गाडीत जागा पन्नास, खाली माणसे सत्तर. गाडी सुटली की फलाटावर मागे कोण उरते? गुडघे दुखणारी म्हातारी, कडेवर मूल घेतलेली बाई, ज्याला कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरून दिली नाही असा एकटा माणूस. त्या वीस जणांची पाहणी केली तर दुखरे गुडघे जास्त निघणारच. पण गावातल्या सगळ्यांचे गुडघे उद्या बरे झाले, तरी वीस जण मागे राहतीलच. फक्त ते वीस निराळे असतील.

पूर्वपक्षाचा घोटाळा नेमका इथे आहे. बेघर कोण होतो आणि किती जण होतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माणसाचा दुबळेपणा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर घरांच्या बाजारात आहे. पूर्वपक्ष पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर घेतो आणि दुसऱ्याला चिकटवतो.

आता मनोरुग्णालयांची गोष्ट, कारण तो पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा आहे. 1955 मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. 1975 पर्यंत ते दोन लाखांच्या खाली आले. म्हणजे मोठी गळती साठ आणि सत्तरच्या दशकांत होऊन गेली. पण रस्त्यांवर माणसे दिसू लागली ती प्रामुख्याने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. मधली वर्षे ही माणसे होती कुठे?

बरेच जण खोल्यांत होते. न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत एकट्या माणसापुरत्या खोल्यांची जुनी हॉटेले होती. एक खाट, एक खुर्ची, भिंतीला बेसिन. संडास आणि न्हाणी व्हरांड्याच्या टोकाला, मजल्यावरच्या सगळ्यांची मिळून. भाडे दिवसाचे किंवा आठवड्याचे. अनामत रक्कम नको, ओळखीची चिठ्ठी नको. गोदीतला हमाल, पेन्शनीतला म्हातारा, दारुडा, स्वतःशी बोलत बसणारा विक्षिप्त, सगळे तिथे राहत. दरमहा मिळणाऱ्या सरकारी भत्त्यात ती खोली परवडत असे.

गिरणगाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. कोकणातल्या आणि घाटावरच्या एकेका गावाने मुंबईत खोली घेतलेली असे. भिंतीलगत ट्रंकांची रांग, दोरीवर कपडे, गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने पसरलेल्या पथाऱ्या, जेवण खानावळीत. त्या खोल्यांतही पिणारे होते, कर्जबाजारी होते, डोक्याने जरा सरकलेले होते. पण ते बेघर नव्हते. आपला माणूस म्हणून गावकरी त्यांना सांभाळून घेत, आणि सांभाळून घेण्याइतकी स्वस्त जागा हाताशी होती.

न्यूयॉर्क शहराने 1955 मध्ये अशा नव्या खोल्या बांधण्यावर बंदी घातली. पुढे सत्तरच्या दशकात त्या हॉटेलांचे मोठ्या फ्लॅटमध्ये रूपांतर करणाऱ्या मालकांना करसवलत दिली. काही दशकांत एक लाखाहून अधिक खोल्या नाहीशा झाल्या. वाईट वस्ती हटवली, असे त्या काळात शहराला वाटले. प्रत्यक्षात हटली ती घरांच्या शिडीची सर्वांत खालची पायरी. मनोरुग्णालयातून सुटलेल्या माणसाला रस्त्यावर आणले ते ही पायरी मोडण्याने. उपचारांची सोय न करता रुग्णांना बाहेर काढणे हा अन्याय होताच. त्याचा बचाव कुणी करू नये. पण आजार आधीही होता आणि नंतरही. मध्ये बदलली ती खोली.

कॅलिफोर्नियातल्या बेघरांनाच विचारले तर ते काय सांगतात? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतील वैद्यकीय संस्थेने डॉ. मार्गॉट कुशेल यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 3,200 बेघर प्रौढांची राज्यव्यापी पाहणी केली आणि ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. दहापैकी नऊ जणांचे शेवटचे घर कॅलिफोर्नियातच होते; चारांपैकी तिघे तर अजून त्याच जिल्ह्यात होते. 'सवलतींसाठी बाहेरून येतात' हा समज तिथेच गळून पडतो. घर जाण्याआधीच्या सहा महिन्यांत त्यांच्या कुटुंबाचे मध्यम मासिक उत्पन्न 960 डॉलर होते. त्या राज्यात एवढ्यात साध्या एका खोलीच्या घराचे भाडेही निघत नाही. नातेवाइकाकडे किंवा मित्राकडे, कोणताही करार न करता राहणाऱ्यांना घर सोडण्यासाठी मिळालेली सूचना मध्यम मानाने एका दिवसाची होती. आणि सुमारे सत्तर टक्के लोकांचे म्हणणे होते की महिन्याला तीनशे ते पाचशे डॉलरची मदत मिळाली असती तर घर टिकले असते. व्यसनमुक्तीसाठी लागणाऱ्या पैशांपेक्षा किंवा तुरुंगाच्या खर्चापेक्षा ही रक्कम फार मोठी नाही.

आता प्रयोगाची कसोटी. दोष माणसात असेल, तर माणूस तोच ठेवून फक्त घर दिल्याने काही बदलू नये. अमेरिकेतले माजी सैनिक हे यासाठी चांगले उदाहरण आहे. युद्धाचे मानसिक घाव, दारू, गोळ्यांचे व्यसन, मोडलेले संसार, या बाबतीत त्यांची स्थिती सामान्यांहून कठीणच. 2010 मध्ये 74 हजारांवर माजी सैनिक बेघर होते. सरकारने त्यांच्यासाठी भाड्याला मदत देणारी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली आणि सोबत सामाजिक कार्यकर्त्याचा आधार दिला. 2024 च्या मोजणीत ही संख्या 33 हजारांच्या आत आली, म्हणजे निम्म्याहून कमी. त्याच 2024 मध्ये देशातील एकूण बेघरांची संख्या 7 लाख 71 हजारांवर, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर गेली होती. सैनिकांच्या जखमा या काळात नाहीशा झाल्या, असे कुणी म्हणणार नाही.

'आधी घर' या विचाराला सॅम सेम्बेरिस यांनी 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कृतीचे रूप दिले. आधी व्यसन सोड, आधी औषध घे, मग घर मिळेल, ही पायऱ्यांची अट त्यांनी काढून टाकली. कॅनडाने 2009 पासून पाच शहरांत दोन हजारांहून अधिक मानसिक आजारी बेघरांवर याचा शास्त्रशुद्ध प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला लगेच घर, दुसऱ्याला नेहमीच्या सेवा. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले 62 टक्के लोक पूर्ण काळ घरात राहिले, दुसऱ्यातले 31 टक्के. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: व्यसन कमी होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. घर हे व्यसनावरचे औषध नाही. ते बेघरपणावरचे औषध आहे. आणि व्यसन तसेच असूनही बेघरपणा संपतो, यातच पूर्वपक्षाचे उत्तर आहे.

फिनलंडने हा विचार राष्ट्रीय धोरण म्हणून 2008 मध्ये स्वीकारला. हेलसिंकीत अल्पिकातू रस्त्यावर साल्व्हेशन आर्मीचे जुने वसतिगृह होते. अडीचशेच्या आसपास माणसे तिथे एकमेकांच्या शेजारी रात्र काढत. ती इमारत बदलून तिथे ऐंशी स्वतंत्र छोटी घरे केली गेली. प्रत्येकाला स्वतःचे दार, स्वतःची किल्ली, स्वतःच्या नावाचा भाडेकरार. भाडे भरावे लागते. कमी पडेल ते सरकारी गृहभत्त्यातून येते. 'फुकट दिले की माणूस बिघडतो' ही भीती इथे लागूच होत नाही. ऐंशीच्या दशकात त्या देशात अठरा हजारांच्या आसपास बेघर होते. 2023 अखेर 3,429 उरले. मग गृहभत्त्यात कपात झाली, आणि 2024 अखेर आकडा 3,806 वर गेला; कित्येक वर्षांतली ती पहिली वाढ. एका वर्षात फिन माणसे चारित्र्याने घसरली, असे कोण म्हणेल?

उरला कॅलिफोर्नियाचा आक्षेप. त्या राज्याने 2016 मध्ये 'आधी घर' हे तत्त्व कायद्याने स्वीकारले, तरी बेघर वाढले. आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर लॉस एंजेलिसच्या 2020 च्या अधिकृत आकडेवारीत मिळते: तिथे रोज सरासरी 207 बेघरांना घर मिळत होते आणि रोज 227 नवे लोक बेघर होत होते. घर देणारा हात थकलेला नव्हता. भाडे नव्या माणसांना त्याहून वेगाने बाहेर ढकलत होते. हेच तत्त्व टेक्सासमधल्या ह्यूस्टनने वापरले. जिथे नवी घरे बांधण्यावर निर्बंध कमी आणि भाडी आटोक्यात, त्या शहरात 2011 पासून बेघरांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटली. उपाय तोच, बाजार वेगळा, परिणाम वेगळा.

हे सारे परदेशाचे झाले. भारताला लागू पडते का? 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाख 73 हजार माणसे बेघर नोंदली गेली. दर दहा हजारांमागे सुमारे पंधरा. अमेरिकेत 2024 मध्ये हे प्रमाण तेवीसच्या आसपास होते. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि आपली मोजणी कमीच भरते, म्हणून तंतोतंत तुलना करू नये. तरीही इतक्या गरीब देशात हा आकडा याच्या अनेक पटींनी जास्त का नाही, हा प्रश्न उरतोच. त्याचे कारण झोपडपट्टी. शहराने गरिबांसाठी घरे बांधली नाहीत, तेव्हा पत्रे, बांबू आणि ताडपत्री घेऊन गरिबांनी ती स्वतः बांधली. अमेरिकेत ही खालची पायरी कायद्याने उभीच राहू शकत नाही. आपल्याकडे ती राहिली, आणि तिनेच बेघरांचा आकडा रोखून धरला आहे. ज्या झोपडपट्टीला शहराचा कलंक म्हणून नावे ठेवली जातात, तिने हे काम गुपचूप केले आहे.

आणि जे त्या पायरीवरही पोचले नाहीत, ते मुंबईच्या फुटपाथवर का? जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने त्यांना हटवण्याचा निर्णय घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी दिला. माणूस फुटपाथ निवडतो तो कामाच्या जवळ राहण्यासाठी. तिथून हाकलला तर त्याची रोजीरोटी जाते, आणि रोजीरोटीचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र नोटीस देऊन हटवण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिला. त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने भायखळा परिसरातल्या सुमारे सहा हजार फुटपाथवासी कुटुंबांची पाहणी केली. तीत दिसले ते काम करणारे लोक: हमाल, मोलकरणी, फेरीवाले, बिगारी. त्यांतल्याच बायकांनी पुढे 'महिला मिलन' उभी केली, पैसा पैसा साठवला आणि परवडणाऱ्या घराचा आराखडा स्वतः ठरवला. घर लहान असले तरी चौदा फूट उंच, म्हणजे आत माळा काढता येईल. 'फुकटची जागा हवी' म्हणणाऱ्यांनी हा आराखडा पाहायला हवा.

इथे एक नवा आक्षेप येईल: मुंबईत तर घरे रिकामी पडली आहेत, मग टंचाई कसली? खरे आहे. 2017-18 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार रिकामी घरे नोंदली गेली. त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की बेघर माणसाला लागणारे घर आणि बाजारात बांधले जाणारे घर यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला मालकीचा फ्लॅट नको आहे; त्याला महिन्याच्या भाड्याची खोली हवी आहे. चाळी बांधणे केव्हाच थांबले. एमएमआरडीएने 2008 मध्ये 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली, पण काही वर्षांतच ती भाड्याची राहिली नाही. गिरणगावची खोली गेली आणि तिच्या जागी काही आले नाही.

चुकीच्या निदानाची किंमत हीच माणसे भरतात. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचे दृश्य साधन नसताना फिरणे हेसुद्धा भीक मागण्यात मोजले आणि माणसाला कोंडण्याची सोय केली. जून 2024 मध्ये ग्रँट्स पास खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, निवाऱ्यात जागा नसली तरी, उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करण्याची शहरांना मुभा दिली. दोष माणसात मानला की शिक्षा न्याय्य वाटू लागते. पण दंड न भरल्याची नोंद झालेल्या माणसाला उद्या खोली कोण देणार? शिक्षा बेघरांची संख्या कमी करत नाही, ती बाहेर पडण्याचे दार बंद करते.

उपचार नकोत, असे यातून निघत नाही. ज्याला व्यसन आहे त्याला डॉक्टर हवा, ज्याला आजार आहे त्याला औषध हवे, आणि ते घर मिळण्याची अट न बनवता मिळायला हवे. कोण घसरतो याची काळजी डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी घ्यावी. किती जण घसरतात याचा जाब मात्र महापालिका आणि राज्य सरकार यांना विचारला पाहिजे, कारण कुठे काय बांधायचे, कोणत्या चाळी पाडायच्या आणि भाड्याच्या घरांना जमीन द्यायची की नाही, हे तेच ठरवतात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असे सांगितले. त्या हिशेबाने मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. आणि निवारा हे तर घरही नव्हे.

म्हणून आपल्या प्रत्येक शहराने दरवर्षी दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत: रस्त्यावर झोपणाऱ्यांची संख्या, आणि शहरातल्या सर्वांत कमी मजुरीत परवडतील अशा भाड्याच्या खोल्यांची संख्या. दुसरा आकडा वाढवल्याशिवाय पहिला कमी करून दाखवणारे शहर जगात कुठे असेल, तर पूर्वपक्षाने ते दाखवावे. तोवर फुटपाथवरच्या माणसाच्या चारित्र्याची चौकशी थांबवून आपल्या नगररचनेची चौकशी सुरू करणे, हेच न्यायाला धरून होईल.